बकारामचं वजन

बकाराम ढिवराचं पाण्यातलं वजन मी काढलं होतं आणि त्यात पाव शेराचीही चूक नव्हती. हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगतो. तरी बकाराम मेला. नऊ वर्षं होत आली, पण मला ते अजून खरं वाटत नाही.

मी केवळराम, जातीचा कोहळी. कोहमाऱ्यापासून अडीच कोसांवर आमचं गाव. आमच्या लोकांनी या मुलखात तलाव बांधले आणि तलावाचं पाणी शेतात सोडायला तुडुम बांधले. तुडुम म्हणजे पाळीच्या, तलावाच्या मातीच्या बांधाच्या, आतल्या अंगाला दगडी पायऱ्या, दर पायरीला एक भोक आणि भोकात लाकडाचा खुंटा. नुसता खुंटा पाण्यावर तरंगतो, आणि दगड जास्त बांधला तर भोकात असा रुतून बसतो की कोणाच्या बापाच्यानं निघत नाही. खुंट्याला किती दगड बांधायचा हे आमच्या घरात चार पिढ्या ठरवत आल्या. त्यामुळे कोणती वस्तू पाण्यात किती हलकी होते ते मला विचारावं. वीस शेर शिसं पाण्यात अठराच्या थोडं वर भरतं. शेरभर दगड मात्र दहा छटाकच उरतो. हे मी शाळेत शिकलो नाही, तराजूचं एक पारडं पाण्यात सोडून शिकलो.

अडतीस सालची गोष्ट. तोवर जुना तुडुम बुजला होता आणि तलावाला लोखंडी दार बसलं होतं. त्या पावसाळ्यात येनाच्या झाडाचा एक मोठा ओंडका वाहत आला आणि दाराच्या खोबणीत आडवा अडकला. वरचं चाक फिरवायला चार गडी लागले, चाक वाकलं, दार जागचं हललं नाही. इकडे धान निसवत होतं. दहा दिवसांत पाणी मिळालं नाही तर दाणा भरणार नव्हता, सगळा पोचा हाती येणार होता.

बकाराम आमच्या गावचा बुड्या. काटकुळा, पस्तिशीचा, नेहमी हसतमुख. एका दमात तो पाच पुरुष खोल जाई आणि वर येऊन बिडी पेटवी. तो दोनदा खाली जाऊन ओंडका चाचपून आला. "लय मोठा हाये भाऊ," तो मला म्हणाला, "साखळी बांधाले येळ लागते, आन् तवरिक दम पुरत नाही."

मग ओव्हरसियर साहेबांनी तारा केल्या आणि मुंबईकडच्या बंदरातून एक पाणबुड्या आला. त्याचं सामान गोंदियाहून छोट्या गाडीनं सौंदडला उतरलं आणि दोन बैलबंड्या भरून गावात आलं. गावानं त्याचं नाव बंदरवाले ठेवलं. रबरी कापडाचा एकसंध पोशाख, पायाच्या बोटांपासून मानेपर्यंत. डोक्यावर तांब्याचं टोपडं, त्याला काचेची खिडकी, कमरेला एक सुरी. वर दोन माणसं पंप मारणार, नळीतून हवा आत जाणार. अंगाला पाण्याचा थेंब लागत नाही. मी म्हटलं, मग हा माणूस बुडणार कसा? आत तर हवाच हवा! बंदरवाल्यांनी शिशाच्या लाद्या दाखवल्या, एक छातीवर, एक पाठीवर, आणि शिशाच्या तळाचे बूट. माझा जीव त्या शिशावर जडला, खोटं कशाला बोलू.

पहिल्याच दिवशी बंदरवाले समुद्रातलं सगळं वजन लावून उतरले आणि गाळात मांडीपर्यंत रुतले. आठ जणांनी दोर ओढून त्यांना काढलं. वर आले ते शिव्या देतच.

मी म्हटलं, "आमचं पानी गोडं हाये साहेब. खाऱ्या पान्यासारखं उचलून धरत नाही. अन् खाली चिखल हाये, रेती नाही. तुमचं वजन कमी करा."

त्यांनी माझ्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं. "कितना कम?"

"तराजू आनतो," मी म्हटलं.

दोन दिवस आम्ही दोघं पाळीवर बसलो. भांडलोही खूप. पण माणूस जाणता होता. त्यांनी मला एक गोष्ट पक्की सांगितली, ती मी त्यांच्याच शब्दांत सांगतो. "केवळराम, लोग समझते हैं शीशा ज्यादा तो आदमी सलामत. उलटा है. वजन ज्यादा हुआ तो आदमी गाळ में धसता है. धसा तो ऊपर उठने के लिए कपडे में हवा भरता है. और ज्यादा हवा भरा हुआ आदमी फुग्गा है. किसी कारण वजन छूटा, तो फुग्गा सीधा ऊपर." त्यांनी बोट आभाळाकडं केलं. "वजन उतनाच, जितने में आदमी धीरे से बैठे."

वजन ठरलं आणि तिसऱ्या दिवशी बंदरवाल्यांना हिवताप भरला. तीन घोंगड्यांखाली दात वाजत होते. सामान चार दिवसांत परत पाठवायचं होतं, धान थांबणार नव्हतं. बकाराम आपणहून पुढं आला. "मी जातो. दम धरायचा नाही, हवा फुकट भेटते, मंग काय!"

बंदरवाले आधी नाही म्हणाले. मग त्यांनी त्याला दोन दिवस शिकवलं, घोंगडी पांघरून, काठावर बसून. टोपड्याच्या बाजूला हवा सोडायची कळ होती, ती आतून डोक्यानं दाबायची. जड वाटलं तर कळ थोडा वेळ दाबायची नाही, आत हवा भरते. दोराला एक झटका म्हणजे ठीक, दोन म्हणजे ओढा. आणि श्वास कधीही रोखायचा नाही, हे त्यांनी दहा वेळा सांगितलं. बकाराम हसून मान डोलवायचा.

वजन मात्र मी काढलं. बंदरवाल्यांचा आकडा बकारामला चालणार नव्हता. ते पैलवानी अंगाचे, हा काडी. पोशाख तोच, म्हणजे बकारामच्या अंगाभोवती मोकळी जागा जास्त, हवा जास्त, पण अंगाचं मांस कमी. अंदाजानं सांगता येत नाही. मी त्याला सगळा पोशाख चढवून पायऱ्यांवरून गळाभर पाण्यात नेलं, टोपडं बसवलं, पंप सुरू केला आणि कमरेच्या पिशवीत शिशाचे तुकडे एकेक करून टाकत गेलो. पिशवीत पहार आणि करवतही ठेवली, कारण ती खाली न्यायचीच होती. तो तरंगायचा, मी शेर टाकायचो. तो डुलायचा, मी अर्धा टाकायचो. शेवटी पाव शेर टाकला आणि टोपडं पाण्यात हळूच, अगदी सावकाश खाली बसलं. बाहेर काढून पुन्हा केलं, तिसऱ्यांदा केलं. तेवढं शिसं मी लाद्यांना पक्कं बांधून टाकलं, म्हणजे पिशवीत फक्त हत्यारं राहतील. वर एखादा शेर जास्त झाला तरी तो रुतणार नाही, एवढी सूट मी हिशोबात मुद्दाम ठेवली.

संध्याकाळी बकारामची बायको रुख्मिणी माझ्या दारात आली. कधी दारात न येणारी बाई.

"भाऊजी, तुमचा हिशोब बरोबर हाये ना?"

"पाव शेराचीबी चूक नाही."

"तो पान्याले भेत नाही. म्हनून मी भेतो," ती म्हणाली. "तुमच्यावर सोडून राहिली, पाहा."

"सोड," मी म्हटलं. मला स्वतःचा किती अभिमान वाटला होता ते आता सांगायलाही लाज वाटते.

आता आमच्या गावचा एक रिवाज सांगितला पाहिजे. बुड्या तुडुमापाशी उतरायचा तेव्हा पाणी घेणारं प्रत्येक घर त्याच्या झोळीत एक गोटा टाकायचं, मुठीत मावेल असा, अर्ध्या शेराचा. उघड्या अंगाच्या माणसाला तळाशी जायला वजन लागतंच. तळाशी पोचलं की तो झोळी सोडून द्यायचा आणि दम धरून वर यायचा. पण गोट्याचा अर्थ तेवढाच नव्हता. एकटा माणूस सगळ्यांसाठी जीव घालतो, तर सगळ्यांची घरं त्याच्यासोबत खाली जावीत असा तो अर्थ. ज्या घराचा गोटा नाही, त्या घराला त्या माणसाची काळजी नाही, असं समजत.

बकाराम उतरणार त्याच्या आदल्या दिवशी मी सगळं गाव चावडीवर बोलावलं आणि बजावलं. "यंदा एकही गोटा नाही. वजन ठरलं हाये. ज्यानं गोटा टाकला त्याची अन् माही गाठ!" सगळे हो म्हणाले. म्हाताऱ्या यादोराव पाटलांनीसुद्धा मान हलवली.

सकाळी मी निघताना माझी बायको शांतीबाई अंगणात आडवी आली. तिच्या पदराखाली गोटा होता, धुतलेला, कुंकू लावलेला.

"येडी झाली का व?" मी ओरडलो. "काल घसा फोडून सांगतलं ना!"

"बाकीच्यायले सांगतलं. ते नाही टाकत," ती म्हणाली. "आपल्या घरचा एक असू द्या. त्याले काही झालं तं रुख्मिणीले तोंड कसं दाखवू?"

मी तिला मूर्ख म्हटलं. मग गोटा घेतला आणि शेल्यात ठेवला. का घेतला? मी शेराची सूट ठेवली होती. म्हटलं, त्या सुटीतला अर्धा शेर माझा. दुसरं कोणी टाकणार नव्हतं, मीच तर सगळ्यांना दम दिला होता. एवढंच माझं शहाणपण.

पायऱ्यांवर बकाराम पोशाख घालून बसला होता, टोपडं अजून चढवायचं होतं. हत्यारांची पिशवी मांडीवर, तिच्यावर फडकं. गाव एकेक करून त्याला टिळा लावायला येत होतं, वाकत होतं, त्याचा हात हातात धरत होतं. मी बूट तपासत होतो, लाद्यांचे पट्टे तपासत होतो, आणि सगळ्यांत शेवटी त्याच्यापुढं वाकलो. टिळा लावताना गोटा त्याच्या हातात दिला. त्यानं तो फडक्याखाली सोडला. टक्क आवाज झाला. मला वाटलं, पहारीवर पडला.

बकाराम माझ्याकडं बघून हसला. अगदी मनापासून हसला. "टाका भाऊ," एवढंच म्हणाला. त्या हसण्याचा अर्थ मला दुसऱ्या दिवशी कळला आणि तेव्हापासून तो माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

दोन डोंगे फळ्यांनी जोडून केलेल्या तराफ्यावर त्याला चालवत नेलं. तो वाकून चालत होता, पण त्या पोशाखात कोण ताठ चालतं? तराफ्यावर लाद्या बांधल्या, मांडीवरची पिशवी त्यानं स्वतःच कमरेला अडकवली, टोपडं चढलं, काच आवळली. बंदरवाले तापातच पंपाशी बसले. बकाराम शिडीवरून उतरला.

दोर माझ्या हातातून सरसर गेला. इतका भरभर जायला नको होता. मी बंदरवाल्यांकडं पाहिलं, त्यांनी माझ्याकडं. "धीरे बैठना था," ते पुटपुटले. पण तोवर खालून एक झटका आला, ठीक म्हणून, आणि आम्ही मोकळा श्वास घेतला.

घटकाभर तो खाली होता. मग साखळी हलली. पाळीवर चार बैलजोड्या जुंपल्या होत्या, त्यांनी ओढ घेतली आणि येनाचा तो काळा, मगरीएवढा ओंडका पाण्यातून वर आला. लोकांनी असा गलका केला की बैल बुजले. बाया रडत होत्या. पाळीवर उभ्या असलेल्या रुख्मिणीनं दोन्ही हात जोडून माझ्याकडं पाहिलं.

तेवढ्यात दोराला दोन झटके आले. ओढा. आम्ही ओढलं. हललं नाही. सहा जण लागलो, आठ लागलो. जणू तळाशी कोणी त्याला धरून ठेवलं होतं. वर येणारे बुडबुडे एकाएकी थांबले. बंदरवाले उठून उभे राहिले. "हवा छोड नहीं रहा. भर रहा है. ये धसा कैसे? केवळराम, ये धसा कैसे?"

माझा हिशोब बरोबर होता!

मग दोर ढिला पडला. एकदम, हातात नुसता लोंबला. आणि तराफ्यापासून दहा हातांवर पाणी फुटलं आणि बकाराम वर आला, उताणा, हातपाय फाकलेले, पोशाख टम्म फुगलेला, पावसाळ्यातल्या बेडकासारखा. लोक पुन्हा ओरडले, त्यांना वाटलं तो असाच वर येतो. कोणी टाळ्याही वाजवल्या. टाळ्या! मी त्या टाळ्या ऐकत पाण्यात उडी घेतली.

काच काढली तेव्हा त्याचे डोळे उघडे होते. ओठांवर तांबडा फेस होता. त्यानं तोंड उघडलं, शब्द आला नाही, फेसच आला. आम्ही पोशाख उतरवेपर्यंत तो गेला होता. अंगावर एक ओरखडा नाही. मी त्याला हलवत राहिलो, मला कळतच नव्हतं की काय झालं.

बंदरवाल्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "सांस रोका इसने. नीचे की हवा दबी हुई होती है. ऊपर आते फूलती है. सांस छोडता आता तो बचता. छाती अंदर से फट गई." जन्मभर जो माणूस पाण्यात शिरला की दम धरायचा, त्यानं घाबरल्यावर तेच केलं. दहा वेळा सांगितलं होतं. हे दहा वेळा, ते पंचवीस वर्षं.

पण तो रुतला कसा? माझं डोकं तिथंच अडकलं होतं. पाळीवरच मी त्याच्या लाद्या तराजूत घातल्या. वजन तेवढंच. बूट तेवढेच. कमरेला मात्र पिशवी नव्हती, पट्ट्याचा तुकडा होता, सुरीनं सरळ कापलेला.

दुसऱ्या दिवशी ताप उतरला तसे बंदरवाले स्वतः खाली गेले. कोणी थांबवलं तरी ऐकले नाहीत. त्यांनी ती पिशवी दोराला बांधून वर पाठवली. तिला गाळातून उपसून वर घ्यायला तीन माणसं लागली. गाव पाळीवर जमलेलं होतंच. बंदरवाले वर आले, टोपडं काढलं आणि पिशवी सगळ्यांसमोर पालथी केली.

खडखडाट झाला. पहार पडली, करवत पडली आणि गोटे पडले. पडतच राहिले. घरंगळत लोकांच्या पायांपाशी गेले. मुठीत मावणारे, धुतलेले. एकावर कुंकू अजून चिकटून होतं.

मी यादोराव पाटलांकडं पाहिलं, त्यांनी खाली पाहिलं. त्यांच्या शेजारी उभ्या असलेल्या देवचंदनं तोंडावर हात ठेवला. प्रत्येकाचा चेहरा सारखाच, आणि माझाही तसाच असणार. प्रत्येकाला वाटलं होतं की बंदी सगळ्यांना आहे, म्हणून आपला एक चालेल. बकारामला एकट्याला माहीत होतं. तो एकेक घेत गेला, कारण कोणाचं घर परत पाठवायचं नसतं. म्हणून तो माझ्याकडं बघून हसला. गावाला दम देणारा केवळराम सगळ्यांत शेवटी गोटा घेऊन आला होता!

मी ते मोजले. पाणी घेणारी घरं एकोणचाळीस, गोटे निघाले चाळीस. वीस शेर. पाण्यात साडेबारा. तळाशी तो गाळात गेला, उठायला हवा भरली, तरी निघेना. मग बुड्यानं बुड्याचं काम केलं. तळाशी पोचल्यावर झोळी सोडून द्यायची असते.

साहेबांच्या कागदात नवख्या माणसाची चूक असं लिहिलं गेलं. कोणी खोडून काढलं नाही. दार उघडलं, पाणी वाहिलं, त्या वर्षी धान चांगलं झालं.

तेराव्यानंतर मी रुख्मिणीकडं गेलो. चावडीत कोणी बोललं नव्हतं, मी बोलायचं ठरवलं होतं. ती अंगणात जाळं उकलत बसली होती.

"रुख्मिणी, माहा हिशोब बरोबर होता," मी म्हटलं. "पन त्या पिशवीत एक गोटा माहा होता."

ती उकलायची थांबली नाही. "मले माहीत हाये. सगळ्यायचे होते."

"सगळ्यायचे एकोनचाळीस. चाळीस निघाले."

आता तिचे हात थांबले. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि तिचा चेहरा असा झाला की मी मागं सरकलो.

"तो माहा," ती म्हणाली. "पहाटे पिशवी भरली तवा मीच टाकला. आमाले शेत नाही, पानी नाही. पन साऱ्यायचे घरं त्याच्या संगं जातेत, तं माहं घर कायले नको? तुमी नाही म्हनलं तरी टाकला." तिचा आवाज फाटला. "भाऊजी, खरं सांगा. तुमाले वजन समजते. माह्या गोट्यानं मेला का तो?"

मी जन्मात कधी खोटं वजन सांगितलं नव्हतं. बाजारातसुद्धा नाही. "नाही," मी म्हटलं. "पयल्या सोळा गोट्यायनं काहीच झालं नसतं. मी हिशोब करून पाह्यला. तेवढं त्यानं पेललं असतं. तुहा तं पयलाच."

मग तिच्या छातीतून श्वास सुटला आणि ती रडू लागली, नवरा मेल्यावर पहिल्यांदाच अशी मोकळी. मी उभाच होतो. रडणं थांबल्यावर तिनं पदरानं तोंड पुसलं.

"अन् तुमचा कितवा?"

"शेवटचा," मी म्हटलं.

ती उठली, जाळं गोळा केलं, घरात गेली आणि आतून ताटी लावून घेतली. सोळाचा तो हिशोब मी केलेलाच नव्हता. आजवर केलेला नाही. तराजू घरात आहे, गोटेही पाळीवर तसेच पडून आहेत, पण करायची हिंमत होत नाही.